संगणक गप्प राहतो तेव्हा

अभियांत्रिकीच्या अनेक महाविद्यालयांत आज पायथन ही संगणकभाषा प्रयोगशाळेत शिकवली जाते. शाखा स्थापत्य असो, यंत्र असो वा विद्युत, पायथनचे प्रॅक्टिकल असतेच. नेदरलँड्समधील गिडो व्हान रोसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये या भाषेचे काम हाती घेतले आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती पहिल्यांदा इतरांच्या हाती आली. नाव अजगरावरून पडले असावे असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ते एका ब्रिटिश विनोदी दूरदर्शन मालिकेवरून घेतलेले आहे. भाषा सोपी आहे, आज्ञा थोड्या शब्दांत लिहिता येतात, आणि पहिल्याच तासाला काहीतरी चालवून पाहता येते. नवशिक्यांना ती आवडते यात नवल नाही.

प्रोग्राम लिहिताना चुका होतात त्या तीन प्रकारच्या. पहिली व्याकरणाची. कंस बंद करायचा राहिला, ओळ समासापासून योग्य अंतरावर सुरू झाली नाही, की पायथन काम सुरूच करत नाही. कोणत्या ओळीत घोटाळा आहे तेही सांगतो. दुसरी चूक प्रोग्राम चालताना उघडी पडते. शून्याने भागायची वेळ आली की संगणक थांबतो आणि कारण लिहून दाखवतो. या दोन्ही चुका विद्यार्थ्याला घाबरवतात, पण त्या निरुपद्रवी आहेत, कारण संगणक स्वतःच तक्रार करतो. तिसऱ्या प्रकारात संगणक गप्प राहतो. प्रोग्राम पूर्ण चालतो, पडद्यावर उत्तर उमटते, आणि ते चुकीचे असते. प्रयोगशाळेत खरे शिकायचे असते ते ही तिसरी चूक ओळखायला.

एक साधे उदाहरण घेऊ. एकसर जोडणीतल्या दोन रोधांची बेरीज करायची आहे. विद्यार्थी दोन रोध कळफलकावरून मागवतो, बेरीज करतो आणि छापतो. १० आणि २० ओहम दिले. उत्तर ३० यायला हवे. पडद्यावर येते १०२०! कारण असे, की आजच्या पायथनमध्ये कळफलकावरून आलेली प्रत्येक गोष्ट अक्षरांची माळ मानली जाते. १० ही संख्या नसून '१' आणि '०' ही दोन चिन्हे असतात. आणि अक्षरांच्या दोन माळांची बेरीज म्हणजे एकीपुढे दुसरी जोडणे. आपण सांगितले तेच संगणकाने अचूक केले. या माळेचे आधी संख्येत रूपांतर कर, एवढे सांगायचे राहिले होते.

ही चूक चटकन लक्षात येते, कारण १० आणि २० ची बेरीज आपल्याला तोंडपाठ आहे. आता थोडे पुढे जाऊ. धारित्र, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतला कपॅसिटर, रोधातून रिकामा होतो तेव्हा त्याचे विभवांतर कसे घटत जाते, हा नेहमीचा प्रयोग. १० किलोओहमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरडचा धारित्र घेतला, तर कालस्थिरांक बरोबर १ सेकंद येतो. सुरुवातीला ५ व्होल्ट असतील, तर १ सेकंदानंतर त्यांतले सुमारे ३७ टक्के, म्हणजे १.८४ व्होल्ट उरतात. दर ०.१ सेकंदाला विभवांतर किती असेल याचा तक्ता प्रोग्रामने करायचा आहे. विद्यार्थी लिहितो: वेळ शून्यापासून सुरू कर, प्रत्येक फेरीत एक ओळ छाप आणि वेळेत ०.१ मिळव. वेळ १.० झाली की थांब.

प्रोग्राम थांबत नाही! १ सेकंद उलटतो, २ उलटतात, ओळी छापल्याच जातात. कारण शोधण्यासाठी वेळेचा आकडा पूर्ण छापून पाहिला, तर दहा वेळा ०.१ मिळवल्यावर दिसते ०.९९९९९९९९९९९९९९९९. ही संख्या १.० नव्हे. पुढची फेरी १.० च्या पलीकडे जाते, आणि थांबण्याची अट कधीच पुरी होत नाही.

मग कोणी तरी युक्ती काढतो. 'वेळ १.० पेक्षा कमी असेपर्यंत चालू ठेव' असे लिहायचे. आता प्रोग्राम थांबतो आणि सगळे खूश होतात. पण ओळी मोजा. ०, ०.१, ०.२ पासून ०.९ पर्यंत दहा ओळी यायला हव्यात, आल्या आहेत अकरा. शून्य नऊ नऊ ही संख्या १ पेक्षा किंचित का होईना कमीच आहे, म्हणून एक फेरी जास्त झाली. आधीची चूक निदान दिसत होती. आता ती दिसेनाशी झाली आहे.

याचे मूळ शोधायला संगणकाची गरज नाही, फळा आणि खडू पुरे. एक भागिले तीन ही संख्या आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३… अशी अखंड आवर्ती होते, हे आठवी-नववीच्या मुलांना माहीत असते. छेदाचे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच असतील, तरच दशांशरूप खंडित होते, कारण १० चे मूळ अवयव तेच आहेत. संगणक द्विमान पद्धतीत मोजतो. तिथे पाया २, म्हणून छेदात फक्त २ चालतो. एक दशांशच्या छेदात ५ आला, की रूप संपतच नाही.

करून पाहू. अपूर्णांकाची दुप्पट करायची. पूर्णांक भाग १ आला तर तो लिहून बाजूला काढायचा, नाही तर ० लिहायचे. ०.१ ची दुप्पट ०.२, मग ०.४, मग ०.८. तीन शून्ये झाली. मग १.६, म्हणून १. उरले ०.६. त्याची दुप्पट १.२, पुन्हा १. उरले ०.२. हा ०.२ आपल्याला आधीच भेटला आहे, म्हणजे आता चक्र सुरू झाले. द्विमान रूप ०.०००११००११००११… असे कायम चालते. संगणकाच्या स्मृतीत जागा मर्यादित, त्यामुळे शेपूट कुठे तरी कापावे लागते. पायथन एका दशांश संख्येसाठी ६४ बिट वापरतो, त्यांतले ५३ बिट अचूकतेचे. म्हणून चूक फार बारीक, सोळाव्या-सतराव्या अंकाशी असते. पण ती असते.

आपल्या जुन्या नाण्यांचे गणित मात्र संगणकाला छान मानवले असते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. आणा म्हणजे रुपयाचा एक सोळांश. त्याची दुप्पट चवली, चवलीची पावली, पावलीची अधेली आणि अधेलीचा रुपया. चार दुपटींत काम संपले. द्विमान रूप ०.०००१, शेपूट नाही. दहा नवे पैसे मात्र संगणक नेमके लिहू शकत नाही.

सोळाव्या अंकाची चूक कशाला मनावर घ्यायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २५ फेब्रुवारी १९९१ ला मिळाले. आखाती युद्धात सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकेची पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग पूर्णांकात मोजत असे आणि त्या मोजणीला ०.१ ने गुणून सेकंद काढले जात. हा ०.१ मात्र २४ बिटांच्या जागेत कापून बसवला होता. त्यामुळे दर टिकटिकीला सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची तूट येई. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. १०० तास म्हणजे ३,६०,००० सेकंद, म्हणजे ३६,००,००० टिकटिकी. गुणाकार करून पाहा, तूट येते ०.३४ सेकंद.

इराकचे स्कड क्षेपणास्त्र एवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. रडारने ते पाहिले, पण पुढच्या क्षणी ते कुठे असेल याचा हिशेब चुकला. यंत्रणेने भलत्याच जागी पाहिले आणि तिथे काही नाही असे ठरवले. स्कड एका बराकीवर पडले आणि २८ सैनिक मरण पावले. यंत्रणा दीर्घकाळ चालू राहिली की अचूकता घटते, हे इस्रायलने दोन आठवडे आधी कळवले होते. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती, तरी घड्याळ शून्यावर आले असते. सुधारलेला प्रोग्राम दहरानला पोहोचला तो दुसऱ्या दिवशी. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ मध्ये या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या यंत्रणेने चुकीचा कोणताही संदेश दाखवला नव्हता.

मग प्रयोगशाळेत काय करावे? धारित्राच्या प्रोग्रामवर उपाय सोपा आहे. फेऱ्या पूर्णांकांनी मोजाव्यात: ०, १, २ असे करत ९ पर्यंत. आणि प्रत्येक वेळी त्या पूर्णांकाला १० ने भागून वेळ काढावी. पूर्णांक संगणक नेमके साठवतो, आणि वेळ दर फेरीत नव्याने काढल्यामुळे चुकीवर चूक साठत नाही. दोन दशांश संख्या सारख्या आहेत का हे पाहायचे असेल, तर त्यांतला फरक पुरेसा लहान आहे का, असे विचारावे.

त्याहून महत्त्वाची एक सवय आहे, आणि ती कोणत्याही संगणकभाषेला लागू पडते. प्रोग्राम चालवण्याआधी उत्तर साधारण किती यावे, ते विद्यार्थ्याने जर्नलमध्ये हाताने लिहावे. तक्त्यात ओळी किती? १ सेकंदाला विभवांतर किती? दहा ओळी आणि १.८४ व्होल्ट हे आधीच लिहिलेले असेल, तर अकरावी ओळ डोळ्यांत खुपते. लिहिलेले नसेल, तर पडद्यावर आले तेच उत्तर ठरते. जर्नल तपासताना शिक्षकांनीही प्रोग्राम चालला का एवढे न विचारता, उत्तर बरोबर आहे हे कशावरून, असे विचारले तर या सवयीला बळ मिळेल.

शाळेत संगणक असो वा नसो, दुपटीचा हा खेळ वर्गात जरूर घ्यावा. अर्ध्या वर्गाला आणा द्यावा, अर्ध्याला दहा पैसे. आण्याची मुले चार पायऱ्यांत हात वर करतील. दहा पैशांची मुले लिहीत राहतील आणि त्यांतले कोणी तरी थोड्या वेळाने म्हणेल, "बाई, हे तर परत परत तेच येतंय!" तिथे थांबावे आणि विचारावे, 'तुमची वही इथेच संपली तर काय कराल?' पुढची चर्चा मुलेच करतील.