मीटरवर नाव कुणाचं?

विजेचं बिल हातात पडलं की आपण बायका दोनच गोष्टी बघतो, युनिट किती पडले आणि भरायची शेवटची तारीख कोणती. वर छापलेलं नाव कुणी वाचत नाही. बऱ्याच घरांत ते सासऱ्यांचं असतं, आणि त्यांना जाऊन दहा वर्षं झालेली असतात. बिल भरलं जातंय ना, मग झालं! पण गच्चीवर सोलर बसवायचं म्हटलं की गाडी नेमकी याच नावापाशी अडते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली. तिच्यात घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. एका किलोवॅटपासून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज तयार होते. त्यासाठी सावली न पडणारी शंभरएक चौरस फूट जागा लागते. आपला फ्रिज, मिक्सर, पंखे, टीव्ही एवढ्याला दोन किलोवॅट बहुतेक घरांत पुरतात.

मात्र ‘मोफत वीज’ या शब्दांना भुलू नका. आधी पैसे आपण भरायचे (त्यासाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात), मग तपासणी होऊन नवा मीटर बसतो आणि त्यानंतर अनुदान खात्यात येतं. शिवाय युनिट शून्य आले तरी बिलातला स्थिर आकार सुटत नाही.

आता कराचं बघू. नोकरदार घरांत हमखास विचारतात, ‘इन्कम टॅक्समध्ये सूट मिळेल का हो?’ घरच्या सोलरला ती नाही. धंद्यासाठी सोलर बसवणाऱ्यांना आयकरात घसाऱ्याचा फायदा मिळतो. आपल्या वाट्याला येतो तो जीएसटीतला दिलासा. सोलरच्या किमतीचा ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के भाग सेवा धरून हा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, सेवेवरचा १८ टक्केच राहिला. पूर्वी शंभर रुपयांमागे १३ रुपये ८० पैसे बसायचे, ते आता ८ रुपये ९० पैसे बसतात. दीड लाखाच्या कामात सात हजारांहून जास्त वाचतात. म्हणून कोटेशनमध्ये कर वेगळा दाखवायला सांगा. पुण्यासारख्या महापालिका सौरऊर्जा वापरणाऱ्यांना मालमत्ता करातही सवलत देतात. आपल्या नगरपालिकेत तशी सोय आहे का, एकदा विचारून या.

हे सगळं मिळणार कुणाला? ज्याच्या नावावर मीटर, त्याला. अर्जात बिलावरचा ग्राहक क्रमांक लागतो आणि अनुदान त्या ग्राहकाच्या बँक खात्यात जातं. बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. त्यामुळे आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, घराचा कागद आणि वारसांची संमती तयार ठेवा.

आणि बदलायचंच आहे, तर सासऱ्यांनंतर आपोआप मुलाचंच नाव का लागावं? सासूबाईंचं लावा, तुमचं लावा. मीटरवर नाव आलं म्हणून घर नावावर होत नाही, हे खरं. पण अनुदान जिच्या खात्यात येतं, तिच्या शब्दाला घरात वजन येतं.

शेतीचंही तसंच आहे. राज्याच्या २०२३ च्या सौर कृषी वाहिनी योजनेत, सोलर प्रकल्पासाठी दिलेल्या जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं ठरवलं गेलं. ते जातं सातबाऱ्यावरच्या नावाला. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव तिथे नसेल, तर भाड्याच्या करारावर तिची सहीसुद्धा लागत नाही.

ऊन सगळ्यांच्या छपरावर सारखंच पडतं. त्याचे पैसे मात्र कागदावरच्या नावालाच मिळतात. तेव्हा मैत्रिणींनो, पॅनलचे भाव विचारायच्या आधी कपाटातली फाइल काढा आणि घराचा उतारा, सातबारा, वीजबिल यांवरची नावं एकदा वाचून घ्या.