विश्लेषण : रस्त्याच्या निविदेआधी सल्लागाराची निविदा कशासाठी?

पावसाळा सरला की महापालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांच्या रस्त्यांच्या निविदा निघू लागतात. अनेक ठिकाणी त्याआधी आणखी एक जाहिरात येते : ‘प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमणे’. सभागृहात हा विषय आला की ‘मग आपले अभियंते काय करतात?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो आणि चर्चा बहुधा तिथेच संपते. सल्लागाराचे शुल्क रस्त्याच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असते. पण निविदेचा मसुदा त्याच्याकडून येतो. स्पर्धेत कोण उतरू शकेल आणि रस्ता खचला तर दुरुस्ती कोणाच्या खिशातून होईल, हे त्या मसुद्यात ठरते.

सल्लागार नेमके काय करतो?

पूर्ण जबाबदारी दिली असेल तर रस्त्याचे सर्वेक्षण, मातीची तपासणी, वाहनांची मोजणी, आराखडा आणि सविस्तर प्रकल्प अहवाल ही पहिली पायरी. राज्याच्या दरसूचीवरून अंदाजपत्रक तयार होते, त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते. मग निविदेचा मसुदा, निविदापूर्व बैठकीतील प्रश्नांची उत्तरे, शुद्धिपत्रके आणि आलेल्या निविदांच्या छाननीचा तुलनात्मक तक्ता. काम सुरू झाल्यावर देखरेख आणि देयकांची पडताळणी. काही संस्था यातला फक्त निविदा प्रक्रियेचा भाग बाहेर देतात, काही सगळेच एका सल्लागाराच्या हाती सोपवतात.

स्वतःचे अभियंते असताना गरज का?

लहान नगरपरिषदेत बांधकाम विभाग म्हणजे मोजके अभियंते. त्यांच्याकडेच गटारे, अतिक्रमण, कधी पाणीपुरवठा आणि वर निवडणुकीचे काम. अशा कार्यालयाकडे नगरोत्थानसारख्या योजनेतून एकदम मोठा निधी आला की प्रकल्प अहवाल वेळेत तयार होत नाही. मार्चअखेर जवळ आली की घाई होते आणि जुन्या निविदेचा मसुदा नावे-आकडे बदलून पुन्हा वापरला जातो. गटाराच्या कामाची अट रस्त्याच्या निविदेत राहून जाते ती अशीच. त्यामुळे सल्लागार म्हणजे निव्वळ उधळपट्टी, हा आरोप सरसकट खरा नाही.

कर्जावरच्या प्रकल्पांत तर त्याची नेमणूक जवळपास गृहीतच धरलेली असते. महाराष्ट्रातील ग्रामीण रस्त्यांसाठी आशियाई विकास बँकेने २०१९ मध्ये २० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. ३४ जिल्ह्यांतील सुमारे २,१०० किलोमीटर रस्ते त्यात होते. अशा कर्जात बँकेची खरेदी नियमावली पाळावी लागते आणि प्रत्येक करार तिच्या कसोटीला उतरावा लागतो. तालुका पातळीवरच्या उपअभियंत्याने ही नियमावली कोळून प्यावी, अशी अपेक्षा करता येत नाही.

निविदेच्या अटींत एवढे काय असते?

खरी मेख इथेच आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये पात्रतेच्या निकषांबाबत सूचना दिल्या. मागील सात वर्षांत कंत्राटदाराने अंदाजित खर्चाच्या ४० टक्के रकमेची तीन, ५० टक्के रकमेची दोन किंवा ८० टक्के रकमेचे एक तत्सम काम पूर्ण केलेले असावे, असे त्यात म्हटले आहे. शिवाय शेवटच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के हवी. सूचना केंद्रीय यंत्रणांसाठी होत्या, तरी राज्यांतल्या निविदांतही याच धर्तीच्या अटी दिसतात.

आता एक उदाहरण. एका शहरात प्रत्येकी पाच कोटींचे १२ रस्ते करायचे आहेत. स्वतंत्र निविदा काढल्या तर चार कोटींचे एक काम केलेला स्थानिक कंत्राटदारही पात्र ठरतो. बाराही रस्ते एकत्र केले तर निविदा ६० कोटींची होते आणि एकाच कामाच्या अनुभवाची अट थेट ४८ कोटींवर जाते. निकषाची टक्केवारी तीच, रस्ते तेच, पण शहरातले बहुतेक कंत्राटदार एका फटक्यात बाहेर. कामे एकत्र करायची की वेगळी ठेवायची, ही शिफारस साधारणपणे सल्लागाराच्या अहवालातच असते.

एकत्र करण्यामागे कारणेही असतात. पेव्हर यंत्र आणि स्वतःचा काँक्रीट प्रकल्प असलेला कंत्राटदार लहान कामाला येत नाही. मुंबई महापालिकेने सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणासाठी मोठी पॅकेजेस केली ती याच विचाराने. सुमारे ५,८०० कोटींची पहिली निविदा पुरेशा प्रतिसादाअभावी नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द झाली. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ६,०८० कोटींची पाच कंत्राटे देण्यात आली. त्यातील दक्षिण मुंबईचे कंत्राट काम रखडल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द करावे लागले. तो निर्णय महापालिकेचा होता, पण पॅकेज मोठे असले की कंत्राटदार अडल्यावर सगळा विभागच अडतो, हे त्यातून दिसले.

दुसरी कळीची अट दोषदायित्व कालावधीची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधकामानंतर पाच वर्षांची देखभाल कंत्राटदाराकडेच असते. स्थानिक संस्थांच्या निविदांत हा कालावधी कामाच्या प्रकारानुसार कमी-जास्त असतो. मात्र कालावधी लिहून भागत नाही. खड्डा किती दिवसांत बुजवायचा, न बुजवल्यास कोणत्या रकमेतून वसुली आणि सुरक्षा अनामत कधी परत करायची, हे स्पष्ट नसेल तर पाच वर्षांची हमी कागदावरच राहते.

सल्लागाराची निवड कशी होते?

रस्त्याच्या कामात पात्र निविदाकारांपैकी सर्वात कमी दराचा निवडणे ही रूढ पद्धत. सल्ल्याच्या बाबतीत ती अडचणीची ठरते, कारण स्वस्तातला सल्लागार अनुभवी माणसे पाठवत नाही. म्हणून गुणवत्ता आणि दर यांचे एकत्रित गुणांकन केले जाते; या पद्धतीला ‘क्यूसीबीएस’ म्हणतात. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १९२ नुसार त्यात दराखेरीज इतर बाबींचे वजन ८० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

वजनाचा फरक किती पडतो? समजा ‘अ’ला तांत्रिक गुण ९० आणि त्याचा दर ६० लाख, ‘ब’ला ७५ गुण आणि दर ४५ लाख. सर्वात कमी दराला १०० गुण, म्हणून दराचे गुण ‘ब’ला १०० आणि ‘अ’ला ७५. वजन ७०:३० असेल तर ‘अ’चे ८५.५ आणि ‘ब’चे ८२.५ : ‘अ’ जिंकतो. वजन ५०:५० केले की ‘अ’ ८२.५ आणि ‘ब’ ८७.५ : निकाल उलटतो. दोघांनी एक शब्दही न बदलता. त्यामुळे हे वजन आणि तांत्रिक गुणांची पोटविभागणी प्रस्ताव मागवतानाच जाहीर असणे महत्त्वाचे. गुण देताना आणखी एक गोष्ट तपासायला हवी. प्रस्तावाला जोडलेले ज्येष्ठ महामार्ग अभियंत्याचे माहितीपत्र खरेच त्या कामावर येणाऱ्या माणसाचे आहे की फक्त गुण मिळवण्यापुरते? नेमणुकीनंतर नवखा मुलगा साइटवर दिसला तर दंडाची तरतूद करारात हवी.

शुल्क कशावर ठरते?

स्थानिक संस्थांत प्रकल्प खर्चाच्या टक्केवारीवर शुल्क देण्याची पद्धत रुळली आहे. हिशेबाला सोपी, पण तिच्यात एक खोट आहे. १०० कोटींच्या कामावर दीड टक्का म्हणजे दीड कोटी. अंदाजपत्रक १२० कोटींवर गेले की शुल्क एक कोटी ८० लाख. खर्च आटोक्यात ठेवण्याचा सल्ला देणाऱ्यालाच खर्च वाढल्यावर ३० लाख जास्त! जागतिक बँकेच्या जुन्या सल्लागार मार्गदर्शिकेतही वास्तुरचनेच्या कामात टक्केवारीचे करार काटकसरीच्या आराखड्याला पोषक नसल्याचे नमूद होते. त्यापेक्षा ठरावीक रक्कम आणि टप्प्यांनुसार देयक बरे. निदान टक्केवारी मूळ मान्य अंदाजपत्रकावर गोठवावी आणि वाढीव कामासाठी वेगळी मंजुरी ठेवावी.

चूक झाली तर जबाबदार कोण?

सल्लागार शिफारस करतो, सही अधिकाऱ्याची असते. निविदा स्वीकारणे, कार्यादेश देणे, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि देयक मंजूर करणे यांची जबाबदारी संस्थेची. ‘सल्लागाराच्या अहवालानुसार’ हे शब्द टिपणीत लिहिले म्हणून ती टळत नाही. पण सल्लागारही सुटतो असे नाही. मुंबईत २०१६ मध्ये ३४ रस्त्यांच्या कामांच्या चौकशीनंतर सहा कंत्राटदारांबरोबर दोन त्रयस्थ तपासणी संस्थांवरही गुन्हा नोंदवला गेला. ज्यांच्या शिक्क्यावर विसंबून देयके निघत होती, तेच आरोपी झाले.

हितसंबंधांचा प्रश्न यालाच जोडून येतो. ज्याने आराखडा आणि निविदा लिहिली, त्याला किंवा त्याच्या सहयोगी कंपनीला ते काम घेता येऊ नये, हा तत्त्व म्हणून सर्वमान्य नियम. पण ज्याने आराखडा केला त्यानेच बांधकामाच्या दर्जाचे प्रमाणपत्र द्यावे का, यावर फारसा वाद होत नाही. आपल्याच आराखड्यातली चूक दाखवणे कोणालाही जड जाते. गुणवत्तेची तपासणी तरी वेगळ्या संस्थेकडे असावी. मुंबईने काँक्रीट रस्त्यांच्या दर्जावर देखरेखीसाठी आयआयटी मुंबईची मदत घेतली.

नागरिकांना काय पाहता येते?

बरेच काही, आणि तेही फोनवरून. राज्याच्या ‘महाटेंडर्स’ संकेतस्थळावर चालू निविदा, शुद्धिपत्रके आणि निकाल पाहता येतात. मूळ जाहिरातीपेक्षा शुद्धिपत्रक जास्त बोलके असते. शेवटच्या दोन दिवसांत अनुभवाची अट बदलली किंवा ‘तत्सम काम’ या शब्दांची व्याख्या आवळली असेल, तर त्याचे कारण विचारायला हवे. निविदापूर्व बैठकीचे इतिवृत्त, सल्लागाराचा करार, त्याला दिलेली देयके आणि छाननीचा तक्ता माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाचे शुल्क १० रुपये. निविदेचा निर्णय होण्याआधी छाननीची कागदपत्रे सहसा नाकारली जातात, त्यामुळे ती कार्यादेश निघाल्यावर मागावीत. करार मात्र आधीही मागता येतो, आणि त्यात पहिल्यांदा शुल्काचे कलम पाहावे.