उट्ठानसञ्ञा : पहाटेची पूर्वतयारी

पहाटे उठण्याचा निश्चय पुष्कळजण करतात. तो चार दिवसांत मोडतो. त्याचे कारण पहाटेत नसून आदल्या रात्रीत शोधावे, असे पालि वाङ्मयावरून आम्हांस वाटते. मज्झिम व अंगुत्तर निकायांत भिक्खूसाठी ‘जागरियानुयोग’ सांगितला आहे. रात्रीचे याम तीन. पहिल्यात चंक्रमण व बैठक, मधल्यात उजव्या कुशीवर निद्रा, शेवटच्यात उठून पुन्हा चंक्रमण व बैठक. निजताना मात्र ‘उट्ठानसञ्ञा’, म्हणजे उठण्याचे भान, मनात धरावयाचे असते. येथे झोप नाकारलेली नाही. तिलाही तिचा याम दिला आहे.

गृहस्थास हे कसे साधावे? रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या सुभेदार रामजी सकपाळांचे उदाहरण घेऊ. मुंबईत परळच्या चाळीतील एकाच खोलीत सारे कुटुंब राहत असे. रामजी भीमरावांना लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्यांना अभ्यासास उठवून आपण निजत. १९०७ साली भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मॅट्रिक उत्तीर्ण झाले.

लहान घरात पहाट एकट्याची नसते. म्हणून निजण्याची वेळ सर्वांनी मिळून ठरवावी, उठल्यावर करावयाचे पहिले काम रात्रीच योजून ठेवावे. मुलाने पहाटे उठावे अशी इच्छा असेल, तर दूरदर्शन संच व मोबाइल आधी वडीलधाऱ्यांनी बंद करावेत.