आधी भातुकली, मग एबीसीडी

घरात तीन-चार वर्षांचा भाचा किंवा पुतणी असेल, तर हा सीन तुमच्या ओळखीचा असणार. तुम्ही निवांत मोबाइल घेऊन बसलेले असता आणि ताईचा हुकूम येतो, ‘‘बसलायस ना? मग हिच्याकडून जरा एबीसीडी गिरवून घे.’’ पोर रडवेलं होऊन गिरवतं. तिसऱ्या ओळीला पेन्सिलचं टोक मोडतं. (मुद्दाम मोडतात. माझ्या भाचीने कबूल केलंय.)

त्यापेक्षा भातुकली काढा. चार बाहुल्यांना चार ताटल्या मांडताना ‘एकाला एक’ ही गणिताची पहिली पायरी पोर सहज चढतं. खड्याला लाडू मानणं ही तर मोठीच उडी. एक वस्तू दुसरीच्या जागी उभी राहू शकते हे ज्याला उमगलं, त्याला पुढे ‘क’ ही आकृती एका आवाजाच्या जागी उभी आहे, हेही उमगतं. काठीचा घोडा करणाऱ्या मुलांकडे बघून रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की याच वाटेने विचार करत होता. आणि स्टॅच्यू? हसू दाबून जागच्या जागी थांबायचं, म्हणजे स्वतःवर ताबा ठेवायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री रील्स बघताना आपल्याला नेमका तोच सापडत नाही!

हे बाहेरून आलेलं फॅड वाटत असेल, तर थेट पालघर जिल्ह्यात चला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची पोरं दिवसभर गुरांमागे. शाळेत येणार कधी? मग शाळाच कुरणावर गेली. नाव पडलं कुरणशाळा. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मोजायलाही तीच, खेळायलाही तीच.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानून खेळावर भर दिलाय. तरी ज्युनिअर केजीच्या दप्तरात होमवर्कची वही असतेच. शाळेशी भांडणं आपल्या हातात नाही, पण रविवारची दुपार आहे.

फक्त मध्येमध्ये ‘‘याचा रंग कोणता? हे किती झाले?’’ करू नका, खेळाची तोंडी परीक्षा होते. ती डॉक्टर झाली, तर तुम्ही पेशंट. इंजेक्शन टोचलं की मनापासून ओरडायचं. ताईने आतून विचारलंच, तर सांगा, अभ्यास चाललाय.