गाठीला रक्त कोण पुरवते?

मंडळातल्या बऱ्याच घरांत आता कर्करोगाच्या उपचारांची एक तरी फाइल असते. त्या फाइलीत ‘बेव्हासिझुमॅब’ हे नाव दिसले की घरचे गोंधळतात. ही केमो आहे का? रक्तदाब सारखा का मोजतात? शस्त्रक्रिया पुढे का ढकलली? मी डॉक्टर नाही, उभी हयात बँकेत गेली. पण या प्रश्नांची उत्तरे आपल्यासारख्यांना समजण्याजोगी आहेत, म्हणून हा लेख.

कर्कपेशींनाही प्राणवायू आणि अन्न लागते, आणि ते रक्तातूनच मिळते. गाठ एक-दोन मिलिमीटरची असेपर्यंत शेजारच्या रक्तवाहिन्यांतून झिरपेल तेवढ्यावर तिचे भागते. पुढे भागत नाही. आपल्या इंदूरचेच पाहा ना. बिलावली आणि यशवंतसागरच्या पाण्यावर शहर किती वाढणार होते? जलूदहून नर्मदेची लाइन आली आणि शहर चहूकडे पसरले. गाठही स्वतःसाठी अशीच नवी लाइन ओढून घेते. ती तोडली तर गाठीची वाढ रोखता येईल, हा विचार अमेरिकेतले शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. तेव्हा तो फार थोड्यांना पटला.

लाइन ओढली कशी जाते? प्राणवायू कमी पडला की गाठीतल्या पेशी ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन बाहेर सोडतात. ते जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला जाऊन चिकटते. अस्तराच्या पेशी वाढू लागतात, वाहिनीला फांदी फुटते आणि ती गाठीकडे वळते. याच वाटेने पुढे कर्कपेशी शरीरात इतरत्रही पोचू शकतात. १९८९ साली नापोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन वेगळे करून ओळखले. मुळात ते आपले वैरी नव्हे. गर्भ वाढताना, जखम भरताना त्याचीच गरज असते.

बेव्हासिझुमॅब म्हणजे या प्रथिनाला वाटेतच पकडून ठेवणारे प्रतिपिंड. ती नेहमीच्या अर्थाने केमो नव्हे. बहुतेकदा केमोच्या जोडीला देतात. सुनिटिनिब, पाझोपॅनिब या गोळ्या निरोप जिथे पोचतो त्या ठिकाणी अडथळा घालतात.

फायदा किती? २००४ साली अमेरिकेत पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी या औषधाला मान्यता मिळाली. त्यामागच्या चाचणीत केवळ केमो घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १५.६ महिने होते, तर हे औषध जोडलेल्यांचे २०.३ महिने. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले, निम्मे जास्त. पावणेपाच महिने ही छोटी गोष्ट नाही, पण हा रोगमुक्तीचा दाखलाही नाही. एक वाट अडवली तर गाठ दुसऱ्या वाढ-घटकांच्या मदतीने वाट काढते. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता तर अमेरिकेने २०११ साली काढून घेतली, कारण जोखमीच्या मानाने लाभ सिद्ध झाला नाही.

आता सुरुवातीचे प्रश्न. हे प्रथिन निरोगी रक्तवाहिन्यांनाही लागते. ते अडवले की रक्तदाब चढू शकतो, लघवीतून प्रथिने जाऊ शकतात, जखमा उशिरा भरतात. म्हणून ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी निदान २८ दिवस हे औषध थांबवतात. दात काढायचा असला तरी आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावे. पोटात अचानक असह्य दुखणे, छातीत दुखणे, रक्तस्राव यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: आमच्या रुग्णाच्या प्रकारात यामुळे किती काळ मिळण्याची शक्यता आहे? एकूण किती डोस आणि किती खर्च? भारतात मिळणारे बायोसिमिलर चालेल का? असे विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. घरातले दागिने किंवा मुदतठेव मोडण्याआधी कशासाठी मोडतो आहोत हे सगळ्यांना, आणि सर्वांत आधी रुग्णाला, ठाऊक असायला हवे.