जखम भरली, थकवा का जात नाही?

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस सोलापुरात कुठल्याही मोहल्ल्यात भेटेल. स्कॅन नॉर्मल येतो, जखम भरते. पण महिने उलटले तरी थकवा, विसराळूपणा जात नाही, थंडी सोसवत नाही, स्त्रियांची पाळी चुकते. घरचे आळशी म्हणतात, कुणी नजर उतरवतं.

मेंदूच्या तळाशी नाजूक देठाला हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. धक्क्याने ती दुखावली की हार्मोन्स कमी पडू शकतात. जर्मनीत १९१८ सालीच अशी नोंद झाली. सगळ्यांनाच हे होत नाही. पण रक्त तपासायला काय हरकत? कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमारास तपासतात. थायरॉइडसाठी नुसती टीएसएच पुरत नाही, फ्री टी-फोरही हवी. कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉइडची गोळी घेणं धोक्याचं. डॉक्टरांना जुना अपघात आवर्जून सांगा; ते आपणहून विचारतीलच असं नाही.