विश्लेषण : प्रजाती जितकी जुनी, तितकी हटवादी?

पश्चिम घाटातला जांभळा बेडूक जवळपास वर्षभर जमिनीखाली राहतो. वाळवीवर जगतो आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी जेमतेम काही दिवस वर येतो. स्थानिकांना तो ठाऊक होता. विज्ञानाने नोंद घेतली २००३ मध्ये. त्याचे जवळचे नातलग थेट सेशेल्स बेटांवर आहेत, कारण ही घराणी १० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, दोन्ही भूभाग एकत्र असतानाच वेगळी झाली.

कुठे राहायचे, काय खायचे, कधी बाहेर पडायचे, या साऱ्याला मिळून प्रजातीचे 'निश' म्हणतात. या बेडकाचे निश फारच अरुंद.

मग घराणे जुने म्हणून निश अरुंद का?

तसे सूत्र मांडता येत नाही. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी कोरडे पडले होते. ते पुन्हा भरल्यावर तिथे सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० प्रजाती घडल्या. कोणी शेवाळ खरवडतो, कोणी गोगलगायी फोडतो, कोणी इतरांची पिल्ले गिळतो. उत्क्रांतीच्या हिशेबात ही कालची पोरे, तरी वाटणी इतकी बारीक! रिकाम्या जागा आणि आपसातली स्पर्धा इथे वयापेक्षा भारी ठरली.

धोका कोणाला?

दोघांनाही. बेडकाची पिल्ले वाहत्या ओढ्यात खडकाला चिकटून वाढतात. पाणी अडवले की ती जागाच जाते. सिक्लिड माद्या रंग पाहून नर निवडतात. पाणी गढूळ झाले, रंग दिसेना, तशा काही प्रजाती एकमेकींत मिसळू लागल्या. फरक एवढाच, की सिक्लिडला भावंडे शेकड्यांनी आहेत. जांभळ्या बेडकाच्या कुळात त्याच्याखेरीज एकच प्रजाती नोंदली गेली आहे, तीही २०१७ मध्ये.